छाटणीच्या दिवसांत गेलेली वैजू

वैजू गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. परदेशातली स्पर्धा आटोपून आम्ही मुंबईला उतरलो, तिथून जीप करून नाशिकला आलो, आणि शेवटच्या दोन मुलींना म्हसरूळला सोडायला जाताना दिंडोरी नाक्यावर गाडी थांबली. समोर भावपूर्ण श्रद्धांजलीचा बोर्ड. वर पुढाऱ्यांचे चेहरे, ओळीनं, हसरे. मधोमध वैजू. फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला असावा, कारण तिच्या खांद्याला चिकटून एका शेरवानीचा तुकडा तसाच राहिला होता. खाली लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय रग्बीपटू, नाशिकची वाघीण’. ज्या स्पर्धेहून आम्ही परत येत होतो, तिथं ती आमच्याबरोबर असायला हवी होती... आम्ही तिकडे सामने खेळत असताना इकडे तिचं सगळं आटोपलंही होतं. आम्हाला कुणी कळवलं नाही. तुमच्या खेळावर परिणाम व्हायला नको म्हणून, असं संघटनेच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. एवढी काळजी त्यांनी वैजू जिवंत असताना घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुढच्याच आठवड्यात शोकसभा झाली. हॉल भरला होता. ज्यांनी रग्बीचा चेंडू आयुष्यात हातात धरला नाही अशा माणसांनी वैजूच्या जिद्दीवर भाषणं केली. अध्यक्ष म्हणाले, तिला संधी द्यायला आमची कधीच ना नव्हती. गावचे सरपंच म्हणाले, गावाची कधीच ना नव्हती. तिचा नवरा सुभाष रडत होता, खोटं कशाला सांगू, अगदी मनापासून रडत होता, आणि रडतारडताच म्हणाला, माझी तर कधीच ना नव्हती. ते खरंच होतं. वैजूला आयुष्यात कुणीही कधी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर ती भांडली असती, आणि भांडणात वैजूला हरवणं सोपं नव्हतं. तिला सगळे म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी जा.’ स्पर्धा दरवर्षी होते ना, मग घाई कसली? मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी मानेनंच नको म्हटलं. तिथं बोलले असते तर सभेची शोभा गेली असती. म्हणून इथं लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली, कॉलेजच्या कबड्डी संघातली. मी पंचवटीतली, ती इगतपुरीची. वडील रेल्वेत, घरात चार बहिणी, त्यातली ही तिसरी. पहिल्या दिवशी ती मैदानावर आली ती खाकी हाफ पँट दोरीनं आवळून. भावाची म्हणावी तर भाऊ नाही, म्हणजे वडिलांचीच. आम्ही शहरातल्या मुली फिदीफिदी हसलो. मग तिनं चढाई केली आणि आमचं हसू जागच्या जागी थांबलं. वैजू चढाईला गेली की समोरच्या मुली आपोआप मागे सरकायच्या. दणकट होती, पण दणकट मुली खूप असतात. हिचा दम संपायचाच नाही. ‘कबड्डी कबड्डी’ इतक्या सावकाश, इतक्या एकसुरात म्हणायची की वाटावं घरात धान्य निवडत बसली आहे. तीन-तीन जणी अंगावर लटकलेल्या असताना ही मधल्या रेषेकडे सरकायची, बोट रेषेला लागायचं, आणि मग एकदम दम सोडून मोकळी हसायची. रेषेला बोट लागलं की चढाई संपली, तुम्ही सुटलात... कबड्डीचा नियमच तो. तिचं सगळं अंग त्या नियमानं घडलं होतं.

बी.ए. झाली आणि लग्न झालं. दिंडोरीकडचं मोठं बागाईतदार घर, द्राक्षं परदेशात जाणारी, दारात दोन ट्रॅक्टर आणि जीप. गरिबी असती तर मी समजून घेतलं असतं. वैजूचं जे झालं ते अडचणीमुळे झालं, असं म्हणून मनाची समजूत तरी घातली असती. पण त्या घरात कशाची ददात नव्हती. सासू तोंडाळ पण प्रेमळ, सासरे हौशी, सुभाष तर गायीसारखा गरीब. असल्या चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, हे वैजूला कधी कळलं नाही. मलाही कळलं नसतं.

दोन हजार साल उलटल्यावर देवळालीला लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या आयुष्यात आले. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. लष्करात ते रग्बी खेळलेले, आणि नाशकात बायकांचा रग्बीचा संघ उभा करायचा हे त्यांच्या डोक्यानं घेतलेलं. तेव्हा लोकांना रग्बी हे अंथरायच्या रगाचं नाव वाटायचं. कॉलेजच्या मुलींच्या घरचे तो लांबट चेंडू आणि ती झटापट बघूनच परत न्यायचे. मग सरांनी जुन्या कबड्डीवाल्या शोधायला सुरुवात केली. धक्का खायची सवय असलेल्या, पडायला न लाजणाऱ्या. मी शाळेत पीटी शिकवत होते, मी लगेच आले. वैजूला निरोप धाडला तेव्हा तिच्या पदरात मुलगी होती. सुभाष रविवारी औषधं-खतं घ्यायला नाशिकला यायचा, तो तिला जीपमधून मैदानावर सोडायचा. पहिल्या दिवशी जीपला टेकून त्यानं तासभर बघितलं आणि मला विचारलं, “ताई, हा खेळ हाय का भांडन हाय?” मी म्हटलं, दोन्ही. तो हसला. पुढच्या रविवारीही तिला घेऊन आला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

रग्बीत चेंडू काखेत मारून समोरच्यांच्या रेषेपर्यंत पळायचं असतं. आम्हाला वाटलं, ही तर चढाईच. वैजू तर पळताना ओठांतल्या ओठांत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायची, त्याशिवाय तिला पळताच यायचं नाही. बाजूनं पळणाऱ्या आम्हाला ते ऐकू यायचं. सर हसायचे, म्हणायचे, म्हणू दे, त्यानं तिचा श्वास धरला जातो. एकच गोष्ट त्यांना पुन्हापुन्हा ओरडून सांगावी लागायची. रेषा ओलांडून भागत नाही, पलीकडे गेल्यावर चेंडू हातानं जमिनीवर टेकवावा लागतो, टेकवला तर गुण, नाहीतर सगळी धाव फुकट. आम्हा कबड्डीवाल्यांना ते पचायला फार वेळ लागला. आम्ही रेषेपर्यंत जायचो आणि जिंकल्यासारख्या उभ्या राहायचो. सर डोकं धरून बसायचे.

पूर्वेकडच्या एका देशात दरवर्षी बायकांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा भरायची. निरनिराळ्या देशांचे संघ यायचे, त्यात आमच्यासारखे नवशिकेही बोलावले जायचे. स्पर्धा असायची ऑक्टोबरात. आणि ज्यांना दिंडोरीकडची माहिती आहे त्यांना सांगायला नको, की ऑक्टोबर म्हणजे द्राक्षांची छाटणी. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, दिवस उजाडायच्या आत बागेत कात्र्या सुरू होतात, कापलेल्या काडीच्या डोळ्याडोळ्याला फुटवा यावा म्हणून पेस्ट लावायची, आणि त्या सगळ्या माणसांच्या भाकऱ्या घरच्या बायकांनी थापायच्या. आठवडा इकडचा तिकडे झाला तर वर्षाचं पीक जातं. पहिल्या वर्षी वैजूची निवड झाली तेव्हा सासरे म्हणाले, “पोरी, छाटनी काय थांबनार हाय का? स्पर्धा तर दरसाल हाय. फुडल्या वर्षी जा की.” आवाजात माया होती. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंचं बाळंतपण त्याच दिवसांत आलं. पुन्हा पुढच्या वर्षी. मी तिला म्हटलं, अगं, छाटणीही दरवर्षी असते, मग ती का नाही एखाद्या वर्षी तुझ्याशिवाय होत? वैजू म्हणाली, “शैले, हे तू घरी येऊन सांग बरं, चहा पण मिळायचा नाही.”

तिसऱ्या वर्षी मात्र ती आली. द्राक्षांना भाव चांगला मिळाला होता, घरात आनंद होता, आणि सासरे म्हणाले, जाऊ द्या एकदाची, म्हणजे डोक्यातून निघून जाईल. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, तसं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

तिथं आम्हाला मिळालेले शर्ट पुरुषांच्या मापाचे होते. बाह्या रबरानं वर बांधून आम्ही उतरलो आणि पहिल्या दोन सामन्यांत सपाटून मार खाल्ला. वैजूला त्याचं काही नव्हतं. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. समोरच्या एका संघात चाळिशीची बाई होती, शाळामास्तरीण, तिची तीन पोरं आणि नवरा बरोबर आलेले. ती चिखलात लोळत होती आणि नवरा रेषेबाहेर एकाला कडेवर, एकाला हाताला धरून उभा होता. तिसरं त्याच्या पायाशी बिस्किट खात होतं. वैजू सामना सोडून त्या माणसाकडे बघत बसली. संध्याकाळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं त्या बाईला विचारलं, तुम्ही कितव्यांदा येताय? बाईला प्रश्नच नीट कळला नाही. ती म्हणाली, दरवर्षी येते. वैजू मला म्हणाली, “बघ, हिचं दरवर्षी म्हणजे खरंच दरवर्षी.” हसत म्हणाली होती. मला काही त्यात हसू आलं नाही.

शेवटचा सामना आमच्यासारख्याच नवख्या संघाशी होता. आम्ही चार गुणांनी मागे होतो, वेळ संपत आली होती. चेंडू टेकवला की पाच गुण. म्हणजे एकदा टेकवला असता तर आम्ही परदेशातला पहिला सामना जिंकलो असतो. चेंडू वैजूच्या हातात आला आणि ती निघाली. मी तिच्या मागेच होते. एकीला खांद्यानं उडवलं, दुसरीच्या हातातून निसटली, तिसरी कमरेला लोंबकळली तिला घेऊनच पळाली, आणि त्या सगळ्या गलक्यात मला तिचं ते एकसुरी ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येत होतं. कमरेची बाई गळून पडली. समोर कुणी नव्हतं. वैजूनं रेषा ओलांडली... आणि तिनं दम सोडला. उभी राहिली. चेंडू काखेतच, तोंडावर ते जुनं मोकळं हसू, अगदी कॉलेजच्या मैदानावर असायचं तसं. आम्ही सगळ्या ओरडलो, “टेकव, वैजू, टेकव!” तिनं आमच्याकडे वळून बघितलं, तेवढ्यात मागून धडक बसली, चेंडू हातातून उडून पुढे गेला, आणि शिट्टी वाजली.

तिला कुणी बोललं नाही. सर एवढंच म्हणाले, होतं असं. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करूनच ती म्हणाली, “रेषा आली की संपतं असं वाटलं गं.” मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं काढून घेतला.

ही गोष्ट तिनं घरी जशीच्या तशी सांगितली. वैजूला लपवाछपवी जमायची नाही असं मी तेव्हा समजत होते. घरात तिचा विनोद झाला. आल्यागेल्या पाहुण्याला दीर रंगवून सांगायचा, वहिनी परदेशात गेल्या आणि रेषेवर जाऊन फोटो काढल्यासारख्या उभ्या राहिल्या. सगळे हसायचे, वैजूही चहाचे कप ठेवताठेवता हसायची. अध्यक्षांनी बैठकीत ‘वैयक्तिक चुकांमुळे पराभव’ असं म्हणून घेतलं. आणि वैजूनं मला सांगितलं, मला आणखी एकदाच जायचंय. एकदाच. चेंडू टेकवते आणि परत येते, मग आयुष्यभर भाकऱ्या थापते.

ते ‘एकदाच’ काही आलं नाही. पुढच्या वर्षी ती गरोदर होती. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगा अंगावर पीत होता. त्यानंतर ती निवड चाचणीला आली, विशीतल्या पोरींच्या पुढे पळाली, तर अध्यक्ष म्हणाले, आता नव्या मुलींना संधी देऊ, तुमचं बघू पुढच्या वर्षी. सर तोवर थकून मुलाकडे राहायला गेले होते, बोलणारं कुणी नव्हतं. मी बोलले, तर मला संघाची व्यवस्थापक केलं. आपल्याकडे बाईला गप्प करायची ही एक चांगली रीत आहे.

यंदा मात्र तिची निवड झाली. संघातल्या दोन मुलींची लग्नं ठरली म्हणून झाली, पण झाली. या वेळी वैजूनं घरी विचारलंच नाही. तिनं सांगितलं, छाटणी आठ दिवस आधी उरकते आणि जाते. मजुरांच्या मुकादमाला स्वतः भेटली, टोळी लवकर आणवली, पहाटेपासून स्वतः कात्री घेऊन बागेत उभी राहू लागली. निघायच्या आधीच्या रविवारी सरावाला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी हात लावला तर अंग तव्यासारखं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. तिनं माझा हात झटकला. “घरी बोललीस तर बघ. ताप आहे कळलं ना, की लगेच सुरू होतील, तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी जा. दोन दिवसांची छाटणी राहिली आहे. ती झाली की दाखवते.” सुभाष जीपजवळ उभा होता. त्याच्याकडे बघून ती हसली, आणि धावत जाऊन जीपमध्ये बसली, अगदी ठणठणीत बाईसारखी.

निघायच्या आदल्या दिवशी सुभाषचा फोन आला. म्हणाला, ताई, तिला जरा कणकण हाय, ती काय येत नाय, फुडल्या वर्षी पाठवू. मी संतापले. मला वाटलं, शेवटी केलंच त्यांनी. मी फोन आपटला आणि मुलींना घेऊन विमानात बसले. खरी गोष्ट मला नंतर कळली. त्या फोनच्या आधीच वैजू बागेत पेस्ट लावता लावता कोसळली होती, सुभाषनं मला कमी करून सांगितलं होतं. डेंग्यू होता, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. ती कोसळेपर्यंत घरच्यांना ताप ठाऊकच नव्हता. इतके दिवस एकाच छपराखाली राहून, तिच्या हातचं खाऊन, एवढ्या माणसांतल्या एकालाही कळलं नाही. लोक म्हणतात, डासानं गेली. म्हणोत. माझ्या लेखी ती ‘पुढच्या वर्षी’नं गेली. आणि मला तिचाही राग येतो, आजही येतो. एका चेंडूसाठी इतकं? दोन लेकरांची आई तू... पण राग काढायला ती समोर तर हवी.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेले. सुभाष बागेत होता, पोरं शाळेत. छाटलेल्या वेलींना पोपटी फुटवा आला होता, अगदी वेळेवर. सासूबाईंनी चहा केला, पदर डोळ्यांना लावला, आणि मला हात धुवायला मागच्या अंगणात नेलं. शेडच्या पलीकडे मोकळी जागा होती. तिथं द्राक्षाच्या मांडवाचे उरलेले दोन लोखंडी अँगल एकमेकांसमोर उंच रोवलेले, आणि त्यांना मधोमध एक आडवा अँगल वेल्डिंग करून जोडलेला. त्यावर गोधडी वाळत होती. आमच्या मैदानावर रेषेवर गोलाचे जे खांब उभे असतात ना, ते अगदी असेच दिसतात.

मी विचारलं, आत्याबाई, हे काय?

“ते व्हय? गोधड्या वाळत घालायला वैजूनंच करून घेतलं, परदेशातून आल्यावर. लय उंच करून ठिवलंय बघा, माजा हात पोचत नाय, बांबूनं ढकलावी लागती.” त्यांनी कडेला सरकलेली गोधडी बांबूनं सारखी केली. “धाकटं पोरगं अंथरुनात करायचं, मग रोज एक गोधडी धुवायला निघायचीच. ती वळकटी काखंत मारून वैजू शेडपासनं इथवर पळत सुटायची. तोंडानं आपली काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, देवाचं म्हनत असंल.”

खांबांच्या मधोमध, शेडकडून बघताना जरा पलीकडे, परातीएवढी जागा उघडी होती. चहूकडे गवत होतं, तिथं नव्हतं.

“येकच खोड वाईट व्हती तिची,” सासूबाई म्हणाल्या. “धुतलेली गोधडी आधी मातीत टेकवायची, मगच वर टाकायची. किती डाव सांगितलं, आगं धुतलेलं मातीला लावू नको. ऐकायचीच नाय. रोज टेकवायची.”